रिकाम्या वर्गाचं वीजबिल

शाळेत वीज वाचवायची म्हटलं की पहिली बैठक सोलर पॅनेलवर जाते. कोटेशन मागवलं जातं, निधी नसतो, विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. पण बिलातला जो भाग सगळ्यात आधी कमी होतो त्याला निधी लागत नाही. तो भाग म्हणजे मुलं नसतानाची वीज. परिपाठाला सगळी शाळा मैदानात असताना फिरणारे पंखे, मधल्या सुट्टीतल्या ट्यूब, रविवारभर पाणी गार करत बसलेला कूलर, टाकी वाहून जाईपर्यंत चालणारा पंप. घरात असं फारसं होत नाही, कारण बिल भरणारा माणूस त्याच घरात राहतो. शाळेत बटण दाबणारा एक, बिल मंजूर करणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा. त्यामुळे बटणाला मालकच नसतो.

पुढची पद्धत मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य किंवा हे काम नुकतंच अंगावर आलेले शिक्षक यांच्यासाठी आहे. समोर दहा-बारा वर्गांची शाळा धरली आहे. एक संगणक कक्ष, एक कूलर, एक पंप. दोनशिक्षकी शाळा असेल तर निम्मं सोडून द्या, बिलाचा आणि रिडिंगचा भाग मात्र सोडू नका.

आधी बिल वाचा, मग बटणं बंद करा

मागच्या बारा महिन्यांची बिलं एका फाइलला लावा. हरवली असतील तर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर मिळतात. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांच्या संकेतस्थळांवरही बिलं मिळतात. बिलावर ही ठिकाणं पेन्सिलने गोल करा.

दर संकेत. महावितरणच्या लघुदाब (एलटी) दरांत शाळा ‘सार्वजनिक सेवा’ या गटात येतात. सरकारी आणि जिल्हा परिषद, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांच्या शाळा एलटी ७ अ मध्ये, बाकीच्या ७ ब मध्ये. जुन्या जोडणीवर अजून वाणिज्य दर लागलेला असेल तर वर्षभर पंखे बंद करून जे वाचेल त्याहून जास्त एका अर्जाने वाचू शकतं. अर्जासोबत शाळेची मान्यता आणि यू-डायस (सरकारी नोंदीतला शाळेचा) क्रमांक जोडा.

रिडिंगचा शेरा. चालू रिडिंगच्या जागी ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आरएनए’ (रिडिंग मिळालं नाही) असं काही असेल तर ते बिल सरासरीचं आहे. अशा महिन्यात तुम्ही कितीही वाचवलं तरी बिलात दिसणार नाही, आणि खरं रिडिंग झालं की सगळा फरक एकाच बिलात निघेल. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं, रिडिंग घेणारा फाटकावरून परत जातो आणि जूनचं बिल सरासरीने येतं, हे नेहमीचंच. मीटर कुलपाआड असेल तर सुट्टीतल्या रिडिंगची आधी सोय लावा.

गुणक अवयव. बहुतेक शाळांत तो १ असतो. मोठ्या शाळेत सीटी (जास्त प्रवाह कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) लावलेलं मीटर असेल तर तो १० किंवा २० वगैरे असतो, आणि मीटरवरचा फरक त्याने गुणल्याशिवाय युनिट निघत नाहीत. हे विसरून ‘आम्ही दिवसाला चारच युनिट जाळतो’ असा फलक लावलेला दिसतो.

तारखा. बिलावर लवकर भरल्यास, मुदतीत भरल्यास आणि मुदतीनंतर भरल्यास अशा तीन रकमा छापलेल्या असतात. लवकर भरल्याची सूट साधारण १ टक्का असते, उशिराचा आकार त्याहून जास्त. फाइल आठ दिवस एका टेबलावर पडून राहते तिथे हे पैसे जातात. छापील प्रतीऐवजी बिल ईमेलने मागवलं तर थोडी सूट मिळते, आणि बिल पोहोचण्यात जाणारे दिवसही वाचतात.

आता तुमचा खरा दर काढा. बिलातला स्थिर आकार बाजूला ठेवा, कारण तो बटण बंद केल्याने कमी होत नाही. उरलेल्या चालू महिन्याच्या रकमेला युनिटने भागा. जो आकडा येईल तो स्टाफरूममध्ये लिहून ठेवा. पुढच्या हिशोबात सोयीसाठी १० रुपये धरले आहेत, तुम्ही तुमचा आकडा घाला.

शनिवार-सोमवारचं रिडिंग

सगळ्या पद्धतीत हाताला सगळ्यात लवकर लागणारं काम हेच. शनिवारी शाळा सुटून कुलूप लागताना मीटरचा फोटो काढा. सोमवारी शाळा उघडताच, एकही बटण दाबायच्या आधी, दुसरा फोटो. मीटरचा पडदा आपोआप बदलत राहतो, म्हणून केडब्ल्यूएच (म्हणजेच युनिट) अशी खूण असलेलाच आकडा टिपा. केव्हीएएच हा वेगळा आकडा आहे. दोन फोटोंत दोन वेगळे आकडे आले की हिशोब फसतो.

समजा शनिवारी दुपारी १ ते सोमवारी सकाळी ७ या ४२ तासांत १४ युनिट गेले. १४ भागिले ४२ म्हणजे ०.३३३. याचा अर्थ शाळेत एकही माणूस नसताना सरासरी ३३३ वॅट सतत जळत होते. त्यातले सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), कॅमेरे आणि राउटर मिळून ६०-८० वॅट असतात आणि ते चालूच राहायला हवेत. उरलेले अडीचशे वॅट कोणाचे? बहुतेक वेळा वॉटर कूलरचे, थोडे इन्व्हर्टरचे, थोडे संगणक कक्षातल्या चालू राहिलेल्या यूपीएसचे, आणि एखाद्या मागच्या व्हरांड्यातल्या दिव्याचे.

२२० दिवस, रोज सात तास शाळा धरली तर वर्षातले १,५४० तास शाळा भरलेली असते आणि ७,२२० तास बंद. हे अडीचशे वॅट सगळ्या बंद तासांत, सुट्ट्या धरून, चालू राहिले तर १,८०० युनिट होतात. १० रुपयांनी १८ हजार. खाली वर्गांचा हिशोब आहे, त्याच्याशी ताडून बघा.

कोण खातं ते शोधायला महागडं उपकरण लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि इंप पर केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं, म्हणजे इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. शाळा सुटल्यावर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ३२ वेळा लुकलुकला तर ३२ गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे ०.६, म्हणजे ६०० वॅट. आता एकाने मीटरपाशी थांबायचं आणि दुसऱ्याने एकेक वस्तू बंद करत फोनवर सांगायचं. कूलरचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो. म्हणून त्याची पाळी आली की दहा मिनिटं थांबा, नाहीतर तो निर्दोष सुटतो.

एका वर्गाचं गणित

साधा छताचा पंखा ७५ वॅट. ३६ वॅटची जुनी ट्यूब आणि तांब्याचा चोक मिळून जवळपास ५० वॅट. चार पंखे आणि चार ट्यूब असलेला वर्ग म्हणजे ५०० वॅट, दोन तासांत एक युनिट. बारा वर्ग म्हणजे ६ किलोवॅट.

परिपाठ, लहान सुट्टी, मधली सुट्टी, खेळाचा तास, प्रयोगशाळेत गेलेला वर्ग अशा वेळा जोडल्या तर प्रत्येक वर्ग रोज साधारण तासभर रिकामा असतो. ६ युनिट रोजचे, २२० दिवसांचे १,३२०, म्हणजे १३ हजार २०० रुपये. पण प्रत्येक रिकाम्या वर्गात सगळंच चालू नसतं. अर्धंच धरा, साडेसहा हजार. फलकावर पहिला आकडा लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका, वर्षअखेरीला तो जुळत नाही आणि मग कोणी पुढच्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही.

वस्तू बदलण्याचं गणितही इथेच करून टाका. एलईडी ट्यूब २० वॅटची, म्हणजे ३० वॅट वाचतात. रोज तीन तास ट्यूब लागत असेल तर वर्षाला २० युनिट, २०० रुपये, साधारण नव्या ट्यूबचीच किंमत. म्हणून अंधाऱ्या वर्गांपासून आणि जिन्यापासून सुरुवात करा. खिडकीजवळच्या रांगेत ती ट्यूब वर्षभर शोभेची राहते. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, ३० वॅटचा. रोज सहा तासांनी वर्षाला ६० युनिट वाचतात, ६०० रुपये. शाळेचे तास कमी आणि सुट्ट्या जास्त, त्यामुळे घरापेक्षा पैसे सुटायला वेळ लागतो. चालणारा पंखा उतरवून नवा लावू नका. जळलेला पंखा दुरुस्तीला न पाठवता त्याच्या जागी बीएलडीसी घ्या.

एक गैरसमज जुना आहे. भिंतीवरच्या जाड, तापणाऱ्या रेग्युलेटरने पंखा सावकाश केला तर वीज फारशी वाचत नाही, ती रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला तर सावकाश पंखा खरंच कमी वीज घेतो.

बटणांचा नकाशा

वर्गाच्या दाराशी आठ-दहा बटणांचा बोर्ड असतो. खडूच्या धुळीने पांढरा, त्यात एक बटण तुटकं, एक कशालाच न जोडलेलं. कोणतं बटण कशाचं हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून आत येणारा माणूस तळहाताने सगळी एकदम दाबतो. फळ्यावरची एकच ट्यूब हवी असते आणि चार लागतात. जिथे चूक इतकी सोपी तिथे सूचना लावून उपयोग नाही.

म्हणून रविवारी दोघांनी बसून नकाशा करा. एक बटण दाबायचं, काय लागलं ते बघायचं आणि बटणाशेजारी ऑइलपेंटने किंवा पक्क्या स्टिकरने लिहायचं. ‘खि १’ म्हणजे खिडकीजवळचा पहिला पंखा, ‘फ’ म्हणजे फळ्यावरची ट्यूब. कागद सेलोटेपने लावला तर पावसाळ्यात गळून पडतो. मग रंग:

- हिरवा ठिपका: वर्ग रिकामा होताना कोणीही बंद करावं, मुलांनीही.
- पिवळा: फक्त शिक्षकांनी. प्रोजेक्टर, इंटरॅक्टिव्ह पॅनेल, संगणकाची मुख्य लाइन.
- लाल: हात लावायचा नाही. डीव्हीआर, राउटर, विज्ञान कक्षातला फ्रिज, पंपाचा स्टार्टर.

लाल ठिपका नसेल तर पहिल्याच उत्साही आठवड्यात कोणीतरी सीसीटीव्ही बंद करतं आणि सगळी मोहीम बदनाम होते. प्रोजेक्टर पिवळ्यात का, तर दिवा विझल्यावरही आतला पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो. तेवढ्यात भिंतीवरचं बटण बंद केलं तर दिवा तापलेलाच राहतो आणि लवकर जातो. वाचलेल्या विजेपेक्षा नवा दिवा कितीतरी महाग.

खिडकीजवळची ट्यूब आणि आतल्या भिंतीजवळची ट्यूब एकाच बटणावर असतील तर वायरमनकडून वेगळ्या करून घ्या. एवढं एक काम सोडलं तर इथवर खर्च रंगाचाच.

मुलांनी फक्त हिरवी बटणं दाबायची, कोरड्या हातांनी. प्लग काढणं, मीटरच्या पेटीपाशी चढणं, डीबी (मुख्य स्विचांची पेटी) उघडणं हे त्यांचं काम नाही. बोर्डला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वीज वाचवणं बाजूला ठेवा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का ते आधी तपासून घ्या.

कोणी, कधी

‘सर्वांनी वीज जपून वापरावी’ ही सूचना म्हणजे कोणीच न करण्याची हमी. त्याऐवजी चार वेळा ठरवा आणि प्रत्येकीला एक माणूस द्या. परिपाठाला निघताना: रांगेत शेवटचा असणारा विद्यार्थी. मधल्या सुट्टीत: त्या आठवड्याचे दोन वीज मॉनिटर, शाळाभर पाच मिनिटांची फेरी. शाळा सुटताना: ज्यांचा शेवटचा तास ते शिक्षक, वर्गशिक्षक नव्हेत. वर्गशिक्षक त्या वेळी बहुतेक दुसऱ्याच वर्गात असतात आणि जबाबदारी हवेत राहते. कुलूप लावताना: शिपाई, हातात कूलर, पंप, संगणक कक्ष, स्वच्छतागृहाचा दिवा अशी यादी.

दोन सत्रांची शाळा असेल तर खरी गळती सत्र बदलताना होते. सकाळचे म्हणतात दुपारचे येतीलच, दुपारचे यायला अर्धा तास असतो. सकाळच्या सत्राने सगळं बंद करूनच जायचं, अपवाद नाही.

मॉनिटरच्या वहीत वर्गाचं नाव आणि चालू राहिलेल्या बटणांची संख्या एवढंच असावं, शिक्षकांचं नाव नको. मुलांच्या वहीत आपलं नाव आलेलं कोणालाच आवडत नाही, आणि स्टाफरूम विरोधात गेली की ही योजना तिथेच संपली.

सहावी-सातवीच्या गणिताच्या तासाला रोजचं रिडिंग द्या. शिपायाने ठरलेल्या वेळी काढलेला फोटो, वजाबाकी, स्तंभालेख. फलकावर रोजचे नव्हे, आठवड्याचे युनिट भागिले शाळेचे दिवस हा आकडा लावा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका. मार्चमध्ये पंखे वाढतात, दिवाळीच्या महिन्यात दिवसच कमी असतात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. शाळा परीक्षेचं किंवा मतदानाचं केंद्र होणार असेल, सभागृह कार्यक्रमाला दिलं असेल तर आधी आणि नंतर रिडिंग घ्या, ते युनिट मुलांच्या खात्यावर टाकू नका.

कूलर, पंप, संगणक

कूलरला १६ अँपिअरचा टायमर लावा. पाणी गार व्हायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा, शाळा भरण्याआधी तेवढाच वेळ द्या आणि शेवटच्या घंटेच्या थोडं आधी बंद. फिरत्या चकतीचा टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की त्याचं घड्याळ तिथेच थांबतं. दोन दिवस भारनियमन झालं की तो मध्यरात्री कूलर चालू करतो. तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल तर बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. थंडीच्या दिवसांत कूलर पूर्ण बंद ठेवला तर कोणी तक्रार करत नाही.

पंप १ हॉर्सपॉवरचा असेल तर तासाला जवळपास एक युनिट घेतो. टाकी रिकामी असताना भरायला किती मिनिटं लागतात ते एकदा मोजा आणि स्टार्टरशेजारी भिंतीवर लिहा, तारखेसह. शिपाई पंप लावून घंटा द्यायला जातो आणि विसरतो, त्यात त्याचा दोष नाही. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच किंवा पाणी भरल्यावर वाजणारा अलार्म बसवा. भिंतीवरचा आकडा दुसऱ्याही कामाचा आहे. ३५ मिनिटांत भरणारी टाकी ५० मिनिटं घेऊ लागली तर फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतोय, जाळीत कचरा आहे, नाहीतर जमिनीखालची लाइन फुटली आहे. आणि स्वच्छतागृहातला वाहता नळ हा पाण्याइतकाच विजेचाही नळ आहे.

संगणकावर स्क्रीनसेव्हर फिरत असला तरी वीज जातेच. पॉवर सेटिंगमध्ये पडदा पाच मिनिटांनी बंद, संगणक पंधरा मिनिटांनी स्लीप असं करा. तास संपल्यावर शटडाउन, मग प्रत्येक टेबलाखालचा यूपीएस बंद, मग भिंतीवरचं बटण. क्रम उलटा झाला तर यूपीएस बॅटरीवर ओरडत राहतो आणि बॅटरी मरते. कक्षात एसी असेल तर २४ ते २६ अंश आणि सोबत पंखा. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त एसी थांबत नाही. जाळी महिन्यातून एकदा धुवा.

पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात वीज नसली तरी इंधन आहे. मटकी, हरभरा, वाटाणा रात्री भिजत घातला तर शिजायला लागणारा वेळ एकदम कमी होतो. पण भिजवायची आठवण आदल्या दिवशी दुपारीच ताईंना करून द्यावी लागते, आणि उद्याचा पट त्यांना नेमका सांगावा लागतो. पातेल्यावर झाकण, उकळी आल्यावर आच कमी.

हे का फसतं

जुलैत सुरू झालेली मोहीम दिवाळीनंतर थंडावते. सुट्टीत मॉनिटरची यादी बदलत नाही, आणि पहिल्या आठवड्यात कोणी फेरी मारत नाही. नवी यादी सुट्टीआधीच लावून जा. दुसरं, अतिउत्साह. एप्रिलच्या उकाड्यात मुलं बसलेली असताना पंखा बंद, पावसाळी दुपारी फळा दिसत नाही तरी ट्यूब बंद. मुलं वर्गात असताना लागणारी वीज ही बचतीची जागा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. उजेडासाठी आधी ट्यूब पुसा, खिडकीवरची कपाटं हलवा, छताला पांढरा चुना मारा. पंख्याची पाती पुसली की तोच पंखा जास्त वारा देतो.

तिसरं कारण पैशाचं. वाचलेले पैसे कोणाला दिसतच नाहीत. जर्मनीत हॅम्बुर्गच्या शाळांत १९९४ पासून ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाची पद्धत आली: शाळेने वाचवलेल्या वीज-पाण्याच्या पैशांतले निम्मे शाळेलाच. आपल्याकडे सरकारी शाळेला बिल बहुधा संयुक्त शाळा अनुदानातून भरावं लागतं. ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पटाला ते वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. त्यातच खडू, दुरुस्ती, इंटरनेट. म्हणजे वाचलेला रुपया इथे आपोआप शाळेतच राहतो, फक्त तो वेगळा दाखवावा लागतो. व्यवस्थापन समितीच्या सभेत ‘वीजबिलातून वाचले: इतके, त्यातून घेतलं: हे’ असा एक ठराव वर्षातून दोनदा मांडा. चेंडू, वाचनालयाची पुस्तकं, जे मुलांनी मागितलं असेल ते. खासगी संस्थेच्या शाळेत निम्म्या रकमेबद्दल संस्थाचालकांशी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या, मार्चमध्ये मागायला गेलात तर मिळत नाही.

मेच्या सुट्टीआधी

शेवटच्या दिवशी डीबीपाशी उभं राहून वर्गांचे एमसीबी (डीबीतले स्विच) एकेक करून खाली पाडा. डीव्हीआर, राउटर आणि बाहेरचा दिवा ज्या एमसीबीवर आहेत त्यांनाही आधी लाल ठिपका लावा आणि ते चालूच ठेवा. कूलर रिकामा करून उघडा वाळवा. फ्रिजमध्ये काही ठेवायचं नसेल तर बंद करून दार फटीएवढं उघडं ठेवा. इन्व्हर्टर मात्र दीड महिना सलग तोडून ठेवू नका, बॅटरी आपोआप उतरते आणि कायमची जाते. शिपाई महिन्यातून दोनदा येऊन तो दिवसभर चार्ज करेल आणि बॅटरीतलं पाणी बघेल अशी सोय करा. त्याच वेळी त्याने मीटरचा फोटोही पाठवावा. पंधरा दिवसांत डीव्हीआरपुरत्या वीस-तीस युनिटांऐवजी ऐंशी गेलेले दिसले, तर काहीतरी चालू राहिलं आहे, आणि ते शोधायला जूनची वाट बघायची गरज नाही.